मुलांसाठी टर्म विमा ‘एमडब्ल्यूपी’खाली घ्यावा का? आणि ट्रस्टी कोणाला करावं?

लेथवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

नाशकात अंबडला छोटं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), सात माणसं. वय ४१. बायको शिक्षिका, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६. आई आमच्याकडेच असते, तिचं वय ७१. वर्कशॉपवर बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) आहे, व्हीएमसीचं कर्ज आहे, आणि दोन्हींना माझी वैयक्तिक हमी. धंदा बरा चाललाय, हप्ता आजवर चुकलेला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ओळीतला एक गाळेवाला हार्ट अटॅकने गेला. ४६ वर्षांचा. तेराव्याच्या आत घेणेकरी दारात उभे. त्याच्या बायकोला कुठल्या कागदावर कुणाची सही आहे तेही माहीत नव्हतं. तेव्हापासून मला झोप नाही.

माझी ५० लाखांची एक जुनी टर्म पॉलिसी (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारी) आहे, नॉमिनी बायको. आता अजून दीड कोटीची घ्यायची आहे. एका मित्राने सांगितलं की ‘एमडब्ल्यूपी’खाली घे, म्हणजे मुलांसाठी आपोआप ट्रस्ट होतो आणि बँकेला हात लावता येत नाही. एजंटला विचारलं तर म्हणाला, “कशाला साहेब भानगडीत पडता, नॉमिनी आहे ना!”

तर प्रश्न असे. हे खरं आहे का? जुनी पॉलिसीही त्यात बसवता येते का? आणि ट्रस्टी म्हणून कोणाला घालायचं? भाऊ आहे, पण वर्कशॉपमध्ये तोही भागीदार होता, २०१८ला वेगळा झालाय. तेवढ्यावरून समजून घ्या.

रिकामटेकडा

पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

विमाकाका

लेथवाला, एजंटला भानगड वाटते कारण एक जादा फॉर्म भरावा लागतो. बाकी काही नाही. मी ३१ वर्षं विमा कंपनीत विकास अधिकारी होतो, असले एजंट माझ्याच हाताखालून गेलेत.

एमडब्ल्यूपी म्हणजे विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४. त्याचं कलम ६. लग्न झालेल्या पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी काढली आणि ती बायको, मुलं किंवा त्यांच्यापैकी कोणाच्याही लाभासाठी आहे असं पॉलिसीवरच लिहिलेलं असलं, की ती पॉलिसी म्हणजेच ट्रस्ट. वेगळा करारनामा नको, नोंदणी नको, प्रीमियम एक रुपयाने वाढत नाही. प्रपोजल फॉर्मसोबत एक पुरवणी भरायची: लाभार्थी कोण, प्रत्येकाचा वाटा किती, ट्रस्टी (म्हणजे पैसे त्यांच्यासाठी सांभाळणारा) कोण. ट्रस्टीची सही. झालं.

आता मेख ऐका. हे फक्त पॉलिसी घेताना करता येतं. तुमची जुनी ५० लाखांची यात बसणार नाही. ती नॉमिनेशनवरच राहील. आणि एकदा लाभार्थी लिहिले की खोडता येत नाहीत. ट्रस्टी बदलता येतो, लाभार्थी नाही. पॉलिसीवर तुम्हाला स्वतःसाठी कर्ज काढता येणार नाही, मोडून पैसे खिशात घालता येणार नाहीत. प्रीमियम तुम्ही भरायचा, मालकी तुमची नाही.

ट्रस्टी नेमलाच नाही तर कायद्यात सोय आहे, पैसे राज्याच्या ऑफिशियल ट्रस्टीकडे जातात. तिथे जायची वेळ आपल्या माणसांवर आणू नये, एवढंच म्हणतो.

रिकामटेकडा

“हप्ता तुम्ही भरायचा, ताबा तुमचा नाही.” काका, हे विम्याचं कलम आहे की लग्नाचं?

पाटी वाचा

दोन्हींना लॉक-इन पिरियड असतो. हलके घ्या.

तळटीप

विमाकाकांनी छान मांडलंय. वकिलीच्या बाजूने थोडी भर घालते.

कलमाचे शब्द फार नेमके आहेत. ट्रस्टचा एकही लाभार्थी हयात असेपर्यंत ती पॉलिसी नवऱ्याच्या ताब्यात नाही, त्याच्या धनकोंच्या आवाक्यात नाही आणि त्याच्या इस्टेटीचा भागही नाही. शेवटचं महत्त्वाचं. बँक वारसांच्या मागे लागते ती इस्टेट त्यांच्याकडे आली म्हणून आणि आली तेवढ्यापुरतीच. जे इस्टेटीत आलंच नाही त्यावर हा वादच उभा राहत नाही.

अपवाद एकच. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने पॉलिसी काढली असेल तर हे कवच मिळत नाही. खातं एनपीए (थकीत) झाल्यावर, नोटिशी हातात पडल्यावर धावत जाऊन पॉलिसी काढली तर न्यायाधीश काय म्हणतील ते सांगायला नको. धागालेखकाचे हप्ते नियमित आहेत, म्हणजे वेळ हीच आहे.

गंमत म्हणून सांगते. कायदा १८७४चा असला तरी हिंदू, मुसलमान, शीख आणि जैनांना हे कलम तेव्हा नव्हतं. मद्रासेत ३१ डिसेंबर १९१३नंतरच्या पॉलिसींना ते लागू धरलं आणि बाकीच्या हिंदुस्थानात १ एप्रिल १९२३नंतरच्या. म्हणजे आपल्या पणजोबांनी ओरिएंटलची पॉलिसी काढली असेल (ती कंपनीही मुंबईत १८७४लाच निघाली) तर बहुधा या कवचाशिवायच.

मुक्ता७९

एरवी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे मिस्टर २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. प्लास्टिक मोल्डिंगचा धंदा होता. ७५ लाखांची पॉलिसी, नॉमिनी मी. पैसे सव्वा महिन्यात आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याआधीच मला कळलं की ती पॉलिसी बँकेकडे असाइन केलेली, म्हणजे कर्जापोटी बँकेच्या नावे लिहून दिलेली होती. २०१७ला मशीन घेताना बँकेने कागदांच्या गठ्ठ्यात तीही सही घेतली होती. त्यांना तरी आठवत होतं की नाही कोण जाणे. बँकेने आपलं घेतलं, उरलेले २२ लाख मला आले.

मग सासरी बैठक. दीर म्हणाले, नॉमिनी म्हणजे फक्त सही करणारी, पैसा सगळ्या वारसांचा, आईचाही वाटा आहे. वाईट माणूस नाही तो. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी तेव्हा धड जेवतही नव्हते आणि मला कलमं समजावत होते.

लेथवाला, एमडब्ल्यूपी असती तर ती असाइन झालीच नसती. एवढंच सांगायचंय.

लेथवाला

मुक्ताताई, वाचून पोटात खड्डा पडला. उद्याच बँकेत जाऊन माझी ५० लाखांची कुठे अडकवलीय का ते बघतो. मलाही आठवत नाहीये.

अभ्यासू_अन्या

तळटीप, एक शंका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये (केबी) नावाचं उपकलम आहे. ऋणकोच्या आयुष्यावरच्या पॉलिसीखाली देय रकमेवर जप्ती येत नाही. मग एमडब्ल्यूपीची गरजच काय? आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती, पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर तेच लाभाचे धनी, असं विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आलंय. उगाच घबराट पसरवू नये.

तळटीप

अन्या, अभ्यास पक्का आहे, पण दोन्हीकडे भोक आहे.

(केबी) जप्तीपासून वाचवतं. स्वतः सही करून असाइन केलेल्या पॉलिसीला वाचवत नाही. मुक्ताताईंच्या बाबतीत जप्ती कुठे आली होती? एमडब्ल्यूपीची पॉलिसी नवऱ्याला स्वतःच्या कर्जासाठी असाइन करताच येत नाही, कारण ती त्याची नाही.

दुसरं, नॉमिनी. १९८३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, हक्क वारसांचा. २०१५च्या दुरुस्तीने ते बदललं असं आपण सगळेच समजत होतो. पण कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल वाचा. एका माणसाने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं. मग लग्न झालं, मूल झालं, नॉमिनी बदलायचा राहिला, माणूस गेला. आई म्हणाली, सगळं माझं. न्यायालयाने आई, बायको आणि मूल यांना एकेक तृतीयांश दिला. दुरुस्तीने वारसा कायदा बाजूला सारला जात नाही, असं म्हटलं. निकाल मला न्याय्य वाटतो, पण तो मिळेपर्यंत त्या मुलाची किती वर्षं गेली?

मुक्ताताईंच्या दिरांना ज्याने कुणी सांगितलं, त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. बोलायची वेळ चुकली.

आजीबाईंचा बटवा

इतका वेळ गप्प होते. सगळे बायकामुलांचं बोलताय. धागाकर्त्याच्या ७१ वर्षांच्या आईचं काय?

हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे. बायकोइतकाच आणि मुलांइतकाच वाटा. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. आणि या तुमच्या एमडब्ल्यूपीमध्ये आईला लाभार्थी करताच येत नाही, बरोबर ना विमाकाका? म्हणजे दीड कोटी कुंपणाच्या आत आणि म्हातारी कुंपणाबाहेर.

विमाकाका

बरोबर आहे बाई. फक्त बायको आणि मुलं. दत्तक मूलही चालतं. आई, वडील, भाऊ, बहीण नाही.

पाटी वाचा

आला, सासू-सून अँगल आला. धागा शंभरी गाठणार.

आजीबाईंचा बटवा

पाटीवाले, मी सासूही आहे आणि सूनही होते. माझ्या थोरल्याने असंच सगळं ‘मुलांसाठी’ करून ठेवलं होतं. तो धडधाकट आहे, देव त्याला सुखी ठेवो. पण मला ते शेजारणीकडून कळलं. मला पैसे नको होते, सांगायला हवं होतं.

लेथवाला

आजी, पटलं. जुनी ५० लाखांची एमडब्ल्यूपीत जात नाही असं काका म्हणाले. तीच आईसाठी ठेवली तर? नॉमिनी आई आणि बायको निम्मे निम्मे.

विमाकाका

चालेल. टक्केवारीने नॉमिनी करता येतात. आधी ती बँकेकडे गहाण आहे का ते मात्र बघा!

बाबांची स्कूटर

एमडब्ल्यूपीची दुसरी बाजूही ऐका. १९९६ला आमच्या बाबांनी २५ वर्षांची एंडोमेंट (बचतीची पॉलिसी) काढली होती. एजंट घरोब्यातला, त्याने उत्साहात एमडब्ल्यूपीचा फॉर्म भरून घेतला. लाभार्थी आई, मी आणि ताई. ट्रस्टी धाकटे काका. २०२१ला पॉलिसी पिकली. बाबांच्या डोक्यात हिशोब पक्का: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गुडघ्याचं ऑपरेशन.

ऑफिसात गेले तर उत्तर, “आजोबा, हे पैसे तुमचे नाहीत.” पंचवीस वर्षं हप्ते भरणारा माणूस काउंटरवर बसून राहिला. वर ट्रस्टी काका २०१०लाच गेलेले. नवीन ट्रस्टीचे कागद, आमच्या तिघांच्या सह्या, ताई बडोद्याला. चार महिने गेले. पैसे आले ते आम्ही बाबांना दिले, तर म्हणाले, “माझेच पैसे मला दान करताय, पावती हवी का?”

गच्ची अजून गळते. गुडघा झाला.

विमाकाका

हाहा. म्हणूनच मी नेहमी सांगायचो की एमडब्ल्यूपी टर्मला करा. टर्ममध्ये जिवंतपणी परत काही यायचंच नसतं, त्यामुळे रुसवा नाही. बचतीच्या पॉलिसीत पिकलेला पैसाही लाभार्थ्यांचाच, हे लोक विसरतात.

झुळूक

एक बाईचा प्रश्न. मी घटस्फोटित आहे, मुलगा ९ वर्षांचा, कमावती मीच. कायद्याचं नावच विवाहित स्त्रियांचा, तर मी मुलासाठी असं करू शकते का?

तळटीप

नाही. आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे. कलम ६ फक्त पुरुषाला. विधुर किंवा घटस्फोटित बाप मुलांसाठी करू शकतो, आई नाही. कलम ५ प्रमाणे बाईने स्वतः काढलेली पॉलिसी तिची स्वतंत्र मालमत्ता, बस्स. १८७४ला कमावती आई कुणाच्या डोळ्यांसमोर असणार? पण आज तरी?

तुम्हाला वाट आहे ती खासगी ट्रस्टची, भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली. ट्रस्ट डीड करायचं आणि पॉलिसी त्या ट्रस्टला असाइन करायची. होतं, पण फुकट फॉर्मइतकं सोपं नाही.

थेम्सकाठी

लंडनहून. इथे विमा ट्रस्टमध्ये टाकणं अगदी घरगुती गोष्ट आहे. कंपनीच फॉर्म देते, दोन ट्रस्टी, दोन सह्या, फुकट. इथलं कारण वेगळं: वारसा कर. ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या इस्टेटीवर ४० टक्के, आणि ही मर्यादा २००९पासून हललेली नाही. लंडनात साधं घर असलं तरी ती ओलांडते. पॉलिसी ट्रस्टमध्ये असली की इस्टेटीत धरत नाहीत, शिवाय प्रोबेटची (मृत्युपत्राच्या कोर्टमंजुरीची) वाट न बघता पैसे मिळतात.

झुळूक, तुमच्यासाठी मुद्दाम: इंग्लंडच्या १८८२च्या कायद्यात हेच कलम बाईलाही दिलेलं आहे. म्हणजे आपल्यानंतर आठ वर्षांनी त्यांनी दुरुस्त केलं, आपण दीडशे वर्षांनीही नाही.

अवांतर: त्या कायद्यावरचा गाजलेला खटला लिव्हरपूलचा. फ्लॉरेन्स मेब्रिकवर १८८९ला नवऱ्याला आर्सेनिक घातल्याचा गुन्हा शाबीत झाला. नवऱ्याची पॉलिसी तिच्या लाभासाठी ट्रस्टमध्ये होती. पुढे कोर्टाने ठरवलं, खुनाचा लाभ तिला नाही, पण कंपनीचीही सुटका नाही. पैसे नवऱ्याच्या इस्टेटीत.

रिकामटेकडा

हा प्रतिसाद बायकोला वाचायला देऊ नये.

पाटी वाचा

आपल्याकडे वारसा कर नाही त्यामुळे आर्सेनिकचा खर्च तरी वसूल होतो.

सीए सायंकाळी

आपल्याकडेही होता. इस्टेट ड्यूटी, १९५३ ते १९८५. तेव्हा बड्या घरांत ट्रस्टचं पेव फुटलं होतं ते उगाच नाही. असो.

आता मूळ धाग्यावर, कारण सगळ्यात मोठी अडचण कुणीच बोललेलं नाही: १८ वर्षं. मूल सज्ञान झालं की ते ट्रस्टीकडे आपला वाटा मागू शकतं आणि ट्रस्टीला द्यावा लागतो. ‘२५व्या वर्षापर्यंत देऊ नये’ अशी अट घालायला त्या छापील फॉर्ममध्ये रकाना नसतो. लेथवाला, मुलगी आत्ता ११ची. सात वर्षांनी तिच्या हातात ७५ लाख. बारावीचा निकाल आणि ७५ लाख एकाच महिन्यात.

उपाय दोन. एक, खासगी ट्रस्ट. त्यात वय, शिक्षण, लग्न, काय हवं ते लिहा. पण खर्च आहे, दरवर्षी रिटर्न आहे, आणि मुलांचे वाटे न ठरवता सगळं ट्रस्टीच्या मर्जीवर ठेवलंत तर उत्पन्नावर सहसा सगळ्यात वरच्या दराने कर. दोन, सोपा: बऱ्याच टर्म पॉलिसींत दाव्याचा काही भाग एकरकमी आणि उरलेला दरमहा असा पर्याय घेताना निवडता येतो. तो घ्या.

मृत्यूदाव्याची रक्कम करमुक्त असते. पुढे ती एफडीत टाकली की व्याज करपात्र, आणि अज्ञान मुलाचं असं व्याज हयात पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. म्हणजे वहिनींच्या पगारात. हे बऱ्याच ट्रस्टींना नोटीस आल्यावर कळतं.

मांडवीकर

तुमचं हे नॉमिनी, वारस, मृत्युपत्र वाचून आमच्या गोव्याचं बरं वाटायला लागलं. लग्न झालं की नेमाप्रमाणे अर्धं तिचं. उरलेल्यातलाही अर्धा मुलांसाठी राखीव, बापाने मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी. भांडायला जागाच कमी. तरी भांडतात, तो भाग निराळा. इन्व्हेंटरीच्या (वारसांतल्या वाटणीच्या) केसी चालतात त्या पाहा.

मामासाहेब

ट्रस्टी कोणाला करावं हा प्रश्न होता ना? मी आहे ट्रस्टी. सहा-सात वर्षं झाली. लिहितो, लांबेल.

माझे भावोजी ट्रान्सपोर्टमध्ये होते, तीन गाड्या, तिन्ही फायनान्सवर. ४० लाखांची पॉलिसी एमडब्ल्यूपीखाली, लाभार्थी दोन मुलं निम्मी निम्मी, ट्रस्टी मी. सही करताना मी फॉर्म वाचलाही नव्हता. चहा घेतला आणि सही केली. २०१९ला अपघातात गेले. भाचा १३चा, भाची ९ची.

आठव्या दिवशी फायनान्सचे लोक आले. गाड्या त्यांनी नेल्या, तो त्यांचा हक्क. मग त्यांना कुठूनतरी विम्याचं कळलं आणि ताईच्या नावाने नोटीस आली. वकिलाने कलम ६ टाकून एका पानाचं उत्तर दिलं. पुन्हा कुणी आलं नाही. त्या एका पानाचे वकिलाने पैसेही घेतले नाहीत.

खरा त्रास बँकेत. विमा कंपनी म्हणाली, ट्रस्टी म्हणून खातं उघडा. बँक म्हणाली, ट्रस्ट डीड आणा. मी पॉलिसी पुढे ठेवली, म्हटलं हीच डीड. मॅनेजर म्हणाले, धर्मादाय आयुक्तांचं सर्टिफिकेट? अहो, हे काय देवस्थान आहे? चार फेऱ्या, दोन शाखा. शेवटी दुसऱ्या बँकेत कायदा वाचलेली एक मुलगी भेटली, तिने अर्ध्या तासात करून दिलं.

त्या दिवशी एक लांबडी खतावणी वही घेतली. डावीकडे भाचा, उजवीकडे भाची. शाळेची फी, क्लास, दाताची तार, सायकल. ताईने एकदा म्हटलं, घराच्या दुरुस्तीला एक लाख काढू या. मी नाही म्हटलं. स्वतःच्या खिशातून दिले. ती दोन महिने बोलली नाही. तिचंही बरोबर होतं, घर मुलांचंच होतं. पण मला भीती वाटली की एकदा घराला दिलं की पुढे कशाला नाही म्हणणार?

२०२४ला भाचा १८चा झाला. वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, मामा, माझा वाटा. सीएसाहेब म्हणतात ते अगदी खरं. मी वही दिली. त्याने चाळली, बंद केली, म्हणाला, ठीक आहे, पण पैसे? दिले. कायद्यानेच द्यायचे होते. साडेतीन लाख ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घालवले एवढं मला माहीत आहे. उरलेल्याचं काय ते मला सांगत नाही. भाचीची बाजू चालू आहे, ती दर दिवाळीला वही तपासते. तिने दोनदा चूक काढलीय.

तर लेथवाला, ट्रस्टी करा तो असा की ज्याला तुमच्या बायकोला ‘नाही’ म्हणता येईल आणि तरी तिच्या घरी जेवायला जाता येईल.

रिकामटेकडा

लोक ट्रस्टीला मामा करतात. यांनी मामालाच ट्रस्टी केलं. दंडवत मामासाहेब.

झुळूक

मामासाहेब, दाताची तार वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाचनखूण साठवली.

अभ्यासू_अन्या

मामासाहेबांच्या प्रतिसादाला +१. माझा (केबी) मागे घेतो. निम्मा.

सीए सायंकाळी

एक जोड. एकाऐवजी दोन ट्रस्टी करा, एक माहेरचा एक सासरचा, म्हणजे वहीला दोन डोळे. आणि बायकोही ट्रस्टी होऊ शकते, लाभार्थी असली तरी. धागालेखकाची पत्नी शिक्षिका आहे, हिशोब ठेवू शकेल. बँकांच्या ट्रस्टी कंपन्याही असतात, पण त्यांची फी बघता दीड कोटीला परवडेलसं वाटत नाही.

मुक्ता७९

सीए, बायको ट्रस्टी असेल तर त्या काळात ती काय अवस्थेत असते हेही बघा. मला तीन महिने चेकवर सही जुळत नव्हती. सोबत दुसरं कुणीतरी हवंच.

थेम्सकाठी

लाभार्थ्यांत बायकोचं नाव घालायचं का, यावर कुणी बोललं नाही. नाव घातलं आणि पुढे काडीमोड झाला तर?

तळटीप

नावाने लिहिलेली बायको घटस्फोटानंतरही लाभार्थी राहू शकते, कारण लाभार्थी बदलता येत नाही. म्हणून काही जण फक्त मुलं लिहितात. पण मग बायकोच्या हातात थेट काही नाही आणि मुलं १८ची झाली की ती मुलांवर अवलंबून. मी अशीलांना म्हणते, घर कसं चालतं ते बघून ठरवा. वकिलाला विचारायचा प्रश्नच नाही हा.

पाटी वाचा

पुण्यात हा प्रश्न विचारून घेतलेला विमा आणि न विचारता घेतलेला विमा, दोन्हींत दुपारी १ ते ४ शांतता.

विमाकाका

मागे पडलेला एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी शून्य आहे, आधी टर्मवर १८ टक्के होता. कुणी जुन्या दराचं कोटेशन देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

लेथवाला

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. उशिराबद्दल क्षमस्व, ऑर्डर होती.

आधी वाईट बातमी. ५० लाखांची पॉलिसी खरंच असाइन निघाली. २०१९ला सीसी वाढवून घेतली तेव्हाची सही, माझीच. मुक्ताताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मला आयुष्यात कळलं नसतं. माझ्या आयुष्यात नाहीच म्हणा. बँक म्हणते, लोन संपल्यावर सोडू. म्हणजे आईची सोय तिथून होत नाही. आईला समोर बसवून सगळं सांगितलं. आजी, शेजारणीआधी सांगितलं. ती म्हणाली, “मला काय करायचंय, मुलांचं बघ.” मग रात्री हळूच विचारलं, “म्हणजे माझं काहीच नाही का रे?” आता तिच्या नावाने वेगळी एफडी चालू केलीय, मोठी नाही.

नवी दीड कोटीची एमडब्ल्यूपीखाली भरली. एजंटला पुरवणी फॉर्म कसा दिसतो तेही माहीत नव्हतं, शाखेतून मागवला. बायको ५० टक्के, मुलं २५-२५. एक तृतीयांश एकरकमी, उरलेलं दरमहा. ट्रस्टी दोघं, बायको आणि माझ्या बहिणीचे मिस्टर. त्यांनी फॉर्म अक्षरन् अक्षर वाचला आणि सही करायला दोन दिवस घेतले. तेव्हाच ठरवलं की हाच माणूस.

भावाला नाही घेतलं. त्याला कळलंय. फोन आला नाहीये अजून.

आणि बायकोने धागा वाचला. म्हणाली, “माझ्या पगारावर मी २० लाखांची काढलीय, ती मुलांसाठी अशी का होत नाही?” तळटीप, तुमचा प्रतिसाद दाखवला. अजून रागावलेली आहे, माझ्यावर नाही, १८७४वर.

तळटीप

वहिनींना सांगा, त्या रांगेत मी पुढे आहे.

झुळूक

आणि मी तिच्या मागे.

लेथवाला

मामासाहेब, एक राहिलं. ती वही कुठल्या मापाची? मेव्हण्यांनी विचारलंय.

मामासाहेब

फूलस्केप, चारशे पानी, कापडी बांधणीची. मेनरोडला मिळेल. लाल घेऊ नका, शाई दिसत नाही.